आधी रविवार आला, मग सिनेमा

प्रश्न असा आला होता की मुंबईत मास कल्चर, म्हणजे साध्या माणसाने तिकीट काढून बघायची करमणूक, नेमकी कधी सुरू झाली? १८९६ ला वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा सिनेमा दाखवला ते वर्ष धरायचं की १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'? आणि त्याच्या आधी गिरणी कामगार संध्याकाळी करायचा तरी काय?

थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. वडील साचेवाले, म्हणजे गिरणीत मागावर काम करणारे, लालबागला. मी तरुणपणी कामगार नाटकांची लाइट सांभाळायचो आणि गेली तीसेक वर्षं गिरणगावातल्या म्हाताऱ्या लोकांच्या मुलाखती, नाटक-तमाशाची हँडबिलं, तिकिटांचे तुकडे असलं काय काय जमवतोय. तेव्हा पुस्तकी उत्तर नाही मिळणार, पण वर्षं मी तपासून देतो.

तर दोन्ही वर्षं नाहीत. मला विचाराल तर १८९० धरा.

१० जून १८९० ला गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे त्यासाठी १८८४ पासून सभा घेत होते, अर्ज करत होते, 'दीनबंधू' या वर्तमानपत्रात लिहीत होते. त्यांच्या १८८४ च्या मागण्या एकदा बघा, रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास जेवायला द्या, सकाळी साडेसहाला काम सुरू करून सूर्य मावळला की सोडा आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात द्या. यात करमणुकीचा शब्द नाही. पण प्रेक्षक म्हणून माणूस उभा राहायला नेमकं हेच लागतं ना, ठरलेला रिकामा दिवस, सुटायचा ठरलेला टाइम आणि ठराविक तारखेला खिशात पैसे. हे तिन्ही नसतील तर थेटर कितीही बांधा, आत येणार कोण? त्याआधी सणावाराची वर्षाला थोडी सुट्टी असायची आणि रविवारी बऱ्याच गिरण्यांत मशीन साफ करायला अर्धा दिवस बोलवायचे, म्हणजे तोही दिवस गेलाच.

आता कोणी म्हणेल की ग्रँट रोडचं थेटर १८४६ चं, विष्णुदास भावे १८५३ मध्ये तिथे खेळ करून गेले, पारशी नाटक मंडळ्या त्याच सुमाराच्या, मग १८९० कसं? बरोबर आहे. पण ते प्रेक्षक कोण होते बघा. सेठ लोक, वकील, कारकून, शिकलेले पारशी, गुजराती आणि आपले पांढरपेशे. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ ला उभी करायला घेतली, ताडदेवला, ती चालू झाली १८५६ ला. म्हणजे थेटर आधी आलं आणि गिरणी कामगार मागून आला, आणि त्याला त्या थेटराच्या दारापर्यंत पोचायला पुढची तीस-चाळीस वर्षं लागली. ग्रँट रोडच्या त्या थेटरांच्या भागाला प्ले हाउस म्हणायचे, त्याचं 'पिला हाउस' झालं ते त्याच्याच तोंडी. एखाद्या जागेचं नाव लोक आपल्या जिभेला बसेल असं वाकवून घेतात तेव्हा समजायचं की जागा आता लोकांची झाली.

वॉटसनच्या शोचं बघा. ७ जुलै १८९६, तिकीट एक रुपया. त्या काळात बऱ्याच गिरणी कामगारांचा पगार महिन्याला दहा-पंधरा रुपये. म्हणजे दोन-अडीच दिवसांची मजुरी देऊन दहा-पंधरा मिनिटं हलती चित्रं बघायची, तीही गोऱ्या साहेबांच्या हॉटेलात, जिथे दरवान दारातूनच हाकलेल. तो शो मास कल्चर कसला, ती तर साहेब लोकांची गंमत. खरी गोष्ट त्यानंतर आठवड्याभरात घडली. खेळ नॉव्हेल्टी थेटरात गेला आणि थोड्याच दिवसांत दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत असे वेगवेगळे लावले, पडदानशीन बायकांसाठी वेगळ्या जागा ठेवल्या. ही जी दरांची उतरंड आहे ना, ती मला त्या यंत्रापेक्षा महत्त्वाची वाटते. एकाच छपराखाली चार आणेवाला आणि दोन रुपयेवाला, दोघांनी एकच चित्र बघायचं पण एकमेकांना शिवायचं नाही. शहराने लावलेला हा शोध. गावच्या जत्रेत कोण कुठे बसणार ते जातीवर ठरायचं, इथे ते तिकिटाच्या रंगावर ठरायला लागलं. जात गेली असं मी म्हणत नाही, चाळीत आणि खानावळीत ती होतीच, पण अंधारात बाकड्यावर शेजारी कोण बसलाय हे विचारायची सोय राहिली नाही.

आणि आपल्या माणसाने कॅमेरा हातात आल्यावर पहिल्यांदा काय घेतलं? कुस्ती. १८९९ मध्ये सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, हँगिंग गार्डनला पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती लावून ती घेतली. कारण कुस्तीला गर्दी जमते हे त्यांना माहीत होतं. सिनेमाने गर्दी तयार केली नाही, गर्दी होती तिथे सिनेमा गेला.

आता ही गर्दी कशी होती ते समजल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईत हजार पुरुषांमागे सव्वापाचशेच्या आसपास बायका होत्या, आणि शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांचा जन्म मुंबईबाहेरचा. रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्याकडचे, अहमदनगरचे. बायकोपोरं गावाला, भात नाहीतर बाजरी बघायला, आणि हा इथे दहा बाय दहा-बाराच्या खोलीत दहा-पंधरा गाववाल्यांबरोबर. या खोलीत सगळे एकाच वेळी मावतच नव्हते. तीन पाळ्या सुरू झाल्यावर तर पहिली पाळी सात ते साडेतीन, दुसरी साडेतीन ते बारा, तिसरी बारा ते सात, म्हणजे एक जण झोपला की दुसऱ्याने बाहेर जायचं, त्याचीच वळकटी तिसऱ्याने पसरायची. लोक विचारतात कामगार करमणुकीवर पैसे का उडवायचा. अरे बाबा, त्याला बसायला जागाच नव्हती! नाका, इराण्याचं हॉटेल, तालीम, भजन, तमाशाचं थेटर, ही त्याची दिवाणखान्याची खोली होती. एका म्हाताऱ्या बदली कामगाराने, म्हणजे कायम नसलेल्या, कोणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी घेतल्या जाणाऱ्या माणसाने, मला सांगितलेलं अजून लक्षात आहे, तो तिसरी पाळी करून दुपारच्या खेळाचं सगळ्यात स्वस्त तिकीट काढायचा आणि आत जाऊन पंख्याखाली झोपायचा. तीन तास झोप, खोलीत कोणी पाय तुडवायला नाही. पिक्चर कुठला होता विचारलं तर म्हणाला, आवाज बरा होता.

करमणूक तो गावाहून घेऊनच आला होता, तिचा मुंबईत फक्त तोंडवळा बदलला. कोकणातले लोक भजन, नमन-खेळे, जाखडी म्हणजे बाल्या नाच, दशावतार घेऊन आले. घाटावरचे तमाशा, लावणी, पोवाडा, कलगी-तुरा घेऊन आले. गावात या सगळ्याला एक निमित्त लागतं, देवाची जत्रा, शिमगा, सुगी. आणि एक यजमान लागतो, पाटील किंवा गावकी. तमाशा तिथे रात्री गण-गौळणीने सुरू होणार, बतावणी, मग वग म्हणजे गोष्टीचं नाटक, आणि तांबडं फुटेपर्यंत चालणार. कुणाला घाई? दुसऱ्या दिवशी जत्राच असते. मुंबईत यजमान गेला आणि तिकीट आलं, निमित्त गेलं आणि शनिवार-रविवार आला, तांबडं फुटणं गेलं आणि भोंगा आला. हा भोंगाच सगळ्यात कडक दिग्दर्शक. ज्याला सकाळी सातला साच्यावर उभं राहायचंय त्याला तुम्ही पहाटेपर्यंत बसवू शकत नाही, तो मधेच उठून जातो आणि पुढच्या वेळेला येतच नाही. मग गण आखडला, गौळण आखडली, लावण्यांची संख्या वाढली आणि वग दीड-दोन तासात बसवायला लागले. जुने फडकरी याबद्दल कुरकुर करायचे, तमाशाची वाट लागली म्हणायचे, आणि आपले बरेच अभ्यासकही तोच सूर लावतात. मला ते पटत नाही. वगात जो वेग आला, सोंगाड्याच्या तोंडी जी मुंबईची भाषा, जॉबर म्हणजे माणसं कामावर लावणारा, मुकादम, पठाण सावकार, खानावळवाली हे सगळे आले, ते या घाईतूनच आले.

पठ्ठे बापूराव, मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण, तमाशात शिरले, नाचणाऱ्या पवळेबरोबर फड उभा केला आणि मुंबईवर लावणी रचली ती आजही लोकांना पाठ आहे. त्यांची खरी कमाल मला अशी वाटते की गावचा तमाशा मुंबईच्या थेटरात तिकिटावर चालतो हे त्यांनी दाखवून दिलं. आणि एकदा मुंबईत नाव झालं की उलटा प्रवास सुरू. गावच्या जत्रेला सुपारी घेताना हँडबिलावर वर ठळक छापायचं, 'मुंबई गाजवून आलेला'. मेमध्ये गिरणीतली माणसं रजा टाकून गावी जायची, ती हीच गाणी आणि हेच विनोद घेऊन जायची. म्हणजे मुंबईने गावची कला घेतली आणि तिकीट लावून, कापून-छाटून परत गावालाच विकली. मास कल्चर म्हणतात ते माझ्या मते हे. नुसती गर्दी जमली म्हणजे झालं नाही, तीच वस्तू तशीच्या तशी अनेक ठिकाणी विकता यायला पाहिजे.

माझ्याकडे एक हँडबिल आहे, पिवळ्या पातळ कागदावरचं, चुरगळून परत सरळ केलेलं, वरचा कोपरा वाळवीने खाल्लेला त्यामुळे कंपनीचं नाव अर्धंच उरलंय. पण खालचा भाग शाबूत आहे आणि मला नावापेक्षा तोच जास्त प्रिय. रात्रौ ९॥ वाजता बरोबर सुरू होईल, 'बरोबर' या शब्दाला खाली दुहेरी रेघ. मग दर, चार प्रकारचे. मग स्त्रियांस बसण्याची स्वतंत्र सोय. मग खेळ चालू असता विडी ओढू नये, आणि शेवटी सर्वात बारीक टाइपात, खेळ वेळेवर संपेल. बघा, 'वेळेवर संपेल' ही जाहिरात आहे! शंभर वर्षांपूर्वी मुंबईत नाटक किंवा तमाशा विकताना सांगावं लागत होतं की घाबरू नका, तुमचा भोंगा चुकणार नाही.

याच नजरेने फाळक्यांकडे बघा. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला गिरगावात कोरोनेशनला लागला, मुंबईत चालला. सुरतेला मात्र पहिल्या दिवशी जेमतेम तीन रुपये गल्ला झाला असं सांगतात, कारण तिथल्या माणसाला दोन आण्यात सहा तास नाटक बघायची सवय, तास-दीड तासाच्या खेळाला तीन आणे कोण देणार? मग फाळक्यांनी जाहिरात केली की ५७ हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र आणि किंमत फक्त तीन आणे. माणूस धूर्त होता. वेळेने माप घेणाऱ्या गिऱ्हाइकाला त्यांनी मैलाचं माप दिलं. पण मुंबईत हा युक्तिवाद करायची गरजच पडली नसावी असं मला वाटतं. मुंबईच्या कामगाराला खेळ छोटा असणं हाच फायदा होता. सहा तास होते कुणाकडे? सहाला सुटला, खानावळीत जेवला, साडेनऊच्या खेळाला गेला, बाराच्या आत वळकटीवर. सिनेमा जिंकला तो पडद्यावरच्या जादूने जिंकला हे खरंच, पण तो शिफ्टमध्ये बसला हे त्याहून खरं. जाता जाता, त्यातली तारामती म्हणजे साळुंके, हॉटेलात काम करणारा पोरगा, कारण बायका काम करायला तयार होईनात. हॉटेलातला आचारी राणी होतो आणि गल्लीतले लोक त्याला ओळखतात, असलं फक्त शहरातच होऊ शकतं.

कामाच्या तासांचे आकडे शेजारी ठेवा म्हणजे मी काय म्हणतो ते दिसेल. १९०५ च्या सुमाराला गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि मालकांनी काम पंधरा-पंधरा तास ताणलं, तेव्हा कामगार चिडून रस्त्यावर आले, दगडफेक झाली. १९११ च्या कायद्याने मोठ्या पुरुषांना बारा तासांची मर्यादा, १९२२ ला दिवसाला अकरा आणि आठवड्याला ६०, १९३४ ला दहा आणि ५४, १९४६ ला आठवड्याला ४८. परळ-लालबागकडे सिनेमाची थेटरं भरायला लागली ती या उतरत्या आकड्यांच्याच काळात. सरकारलाही वास आला होता, १९२३ पासून मुंबई इलाख्यात करमणूक कर लागला. ज्या गोष्टीवर कर बसतो ती गोष्ट धंदा झाली असं खुशाल समजा. १९३१ ला मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' बोलला, त्यानंतर दोन-तीन वर्षांत वाडिया मूव्हीटोन परळलाच लवजी कॅसलमध्ये उभी राहिली, मारामारीचे, घोडदौडीचे, स्टंट करणाऱ्या नाडियाबाईंचे पिक्चर तिथून निघाले. शिकलेले लोक नाक मुरडायचे, पण गिरणगावात त्याच पिक्चरला शिट्ट्या. पुढे त्याच जागेत शांतारामबापूंचं राजकमल आलं. म्हणजे चाळीतली पोरं भिंतीवरून डोकावून शूटिंग बघायची आणि मग तोच पिक्चर चार आण्यात.

सगळं तिकिटावर होतं असं मात्र समजू नका. बिनतिकिटाची सगळ्यात मोठी करमणूक म्हणजे रस्ता. आणि तिथे एक गोष्ट आज विसरली गेलीय. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईचा सगळ्यात मोठा रस्त्यावरचा सोहळा मोहरम होता. ताबूत, मोहल्ल्यामोहल्ल्याच्या टोळ्या, ढोलताशे, सोंगं, आणि त्यात हिंदू कामगार सर्रास असायचे, ताबुताला नवस बोलायचे. १८९३ ची हिंदू-मुसलमान दंगल झाली, त्याच वर्षी केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, टिळकांनी त्याला जोर लावला, गाणी म्हणत फिरणारे मेळे निघाले, आणि १९१२ ला पोलीस कमिशनर एडवर्ड्सने मोहरमच्या मिरवणुकीवर असे नियम घातले की तो जुना धिंगाणा बंदच पडला. मेळ्यांची रचना बघितली, एका रंगाचे कपडे, टोळीचा एक म्होरक्या, गल्लीगल्लीची चुरस, तर मोहरमच्या टोळ्यांशी नातं लगेच दिसतं. हे सांगितलं की काही लोकांना राग येतो, काहींना उगाच आनंद होतो, मला दोन्हीचं कारण समजत नाही. रस्त्यावर नाचणारी माणसं तीच होती, परळ-माझगावची. पुढे गणेश गल्लीचा १९२८, लालबागच्या राजाचा १९३४, हे सगळे गिरणगावचे गणपती.

"हे सगळं मालकांनी आणि सरकारने कामगाराला गुंगवायला दिलं" असंही बऱ्याचदा ऐकू येतं. काही अंशी प्रयत्न झाले, नाही असं नाही. सोशल सर्व्हिस लीग १९११ ची, ना. म. जोशींची, त्यांनी वाचनालयं काढली, व्याख्यानं ठेवली, मॅजिक लँटर्नवर चित्रं दाखवली, दारूपासून माणूस दूर राहावा हा हेतू चांगलाच होता. परळचा दामोदर हॉल १९२२ चा, त्यांचाच. पण झालं काय? लोकांनी व्याख्यानाला जांभया दिल्या आणि हॉल नाटकासाठी मागून घेतला. दामोदर कामगार रंगभूमीचं घर झालं, कोकणातली नाटकं, नमन, दशावतार तिथे झाले. देणाऱ्याने काय दिलं यापेक्षा घेणाऱ्याने त्याचं काय केलं ते बघायचं. आणि गुंगवायचं म्हणाल तर याच प्रेक्षकाला जागं करणारेही तिकडेच आले. तमाशाच्या धर्तीवर प्रचार करणारे सत्यशोधक जलसे, मग तिसाच्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे, बीडीडी चाळींच्या पटांगणात, ढोलकी तीच पण गौळण गेली आणि तिच्या जागी सवाल आले. १९४४ च्या सुमाराला अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांचं कम्युनिस्टांचं लाल बावटा कलापथक. त्यांनी ऑडियन्स शून्यातून गोळा केला नाही, ढोलकी वाजली की बसायचं हे या लोकांना पन्नास वर्षांची सवय होती, त्यांनी त्या सवयीत विचार घातला. मालक, तमासगीर आणि कम्युनिस्ट तिघेही एकाच माणसाच्या त्याच तीन तासांसाठी भांडत होते.

बायकांचं काय, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. गिरण्यांत शंभरातल्या वीसेक बायका असायच्या, रिळखात्यात, वाइंडिंगला, नायकिणीच्या, म्हणजे बायकांवरच्या मुकादमिणीच्या, हाताखाली. पुरुषाचा भोंगा झाला की त्याचा दिवस संपला, हिचा दुसरा दिवस चालू, पाणी भरा, चूल पेटवा. तेव्हा हिच्यासाठी १८९० चा रविवार म्हणजे धुण्याचा दिवस. तिची करमणूक गौरीच्या फुगड्या, चाळीच्या गॅलरीतली गाणी, आणि सिनेमात बायकांना वेगळी जागा असली की शेजारणींच्या घोळक्याने जाणं. मुलाखतींत बायका पिक्चरची गोष्ट कमी सांगतात, कोण कोण गेलो, पोर कोणाकडे ठेवलं, परत यायला उशीर झाला तेव्हा सासू काय बोलली, हेच जास्त. बाहेर पडणं हीच मजा होती.

भोंगा आणि नाटकाचं मी स्वतः बघितलेलं सांगतो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या चाळीचं गणपतीतलं नाटक. माझ्याकडे लाइट, म्हणजे चार स्पॉट आणि मिठाच्या पाण्याचा डिमर, चिनीमातीच्या बरणीत मिठाचं पाणी, त्यात दोन पत्रे, वरचा पत्रा दोरीने खालीवर केला की उजेड कमीजास्त. हात लागला तर मेलातच, पण तेव्हा कोणाला अक्कल होती. नायक बदली कामगार, पहिली पाळी मिळेल म्हणून आठवडाभर निवांत, आणि त्याच दिवशी त्याला दुसऱ्या पाळीवर घेतलं. खाडा केला तर पुढची बदली मिळायची नाही, तेव्हा गेला. साडेनऊचं नाटक आम्ही अकरापर्यंत भजनाने ढकललं, मग खलनायकाला नायकाचे कपडे घालून पहिला अंक उरकला, अर्ध्या वाक्यांना प्रॉम्प्टरच बोलत होता. सव्वाबाराला नायक पळत आला, भुवयांवर, कानाच्या पाळीवर कापसाची तूस तशीच. पण एकटा आला नव्हता, अख्खी दुसरी पाळी त्याच्यामागे. ते लोक खाली बसले आणि ओरडायला लागले, आम्ही बघितला नाही, पहिला अंक परत करा! पहिली पाळीवाले म्हणाले, आम्हाला सकाळी जायचंय, पुढे चला. पाच मिनिटं शिवीगाळ. शेवटी पहिला अंक परत केला, पहिली पाळीवाले उठून झोपायला गेले आणि दुसरा-तिसरा अंक त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी. एकाच नाटकाचे दोन प्रेक्षक, पाळीप्रमाणे. असलं तुम्हाला दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

लंडनच्या म्युझिक हॉलशी तुलना करणारे असतात म्हणून एवढंच, तिथे दारू आणि गाणं एकाच छपराखाली वाढलं, पबच्या मागच्या खोलीचा हॉल झाला. आपल्याकडे गुत्ता वेगळा, तमाशाचं थेटर वेगळं, आणि तिसरा कोपरा जुगाराचा. तो तर थेट कापसातून आला. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते-बंद भाव तारेने मुंबईत यायचे, त्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. १९६१ ला ते भाव यायचे बंद झाले तेव्हा आकडा काढायची दुसरी सोय करावी लागली, १९६२ ला कल्याणजी भगतचा वरळी मटका आणि १९६४ ला रतन खत्रीचा. दिवसभर कापूस विणायचा आणि संध्याकाळी कापसाच्या भावावर आणा लावायचा, याला तुम्ही काय म्हणाल ते म्हणा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला. लोक म्हणतात टीव्ही आणि व्हिडिओने तमाशा-नाटक मारलं. मी म्हणतो पगार थांबला तिथेच ते मेलं, टीव्ही मागून रिकाम्या जागेत येऊन बसला. लालबागचं हनुमान थिएटर, जिथे राज्यभरातले फड येऊन गेले, तिथे पुढे लग्नं लागायला लागली. दामोदर २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झालं.

बघायला काय उरलंय विचारलंत तर पिला हाउसला दिवसाढवळ्या एक चक्कर मारा, थेटरांच्या जुन्या दर्शनी भिंती बघा, वर बघत चाला, खाली सगळी दुकानंच आहेत. मग श्रावणात किंवा गणपतीच्या दिवसांत परळ-काळाचौकीकडे डबलबारी भजन असेल तिथे जाऊन बसा. दोन बुवा समोरासमोर, एक टोमणा मारणार, दुसरा त्याच चालीत परतवणार, पखवाज तापलेला. मागच्या वर्षी मी गेलो होतो तो एका टॉवरच्या पार्किंगमध्ये, गिरणीच्याच जागेवरचा टॉवर. दहाला सिक्युरिटीवाला येऊन उभा राहिला, साउंड बंद करा म्हणाला. बुवांनी माइक ठेवला आणि नुसत्या गळ्यावर पुढची बारी उचलली, तो बिचारा तिथेच उभा राहून साडेअकरापर्यंत ऐकत होता.